हाक आधी, धाव नंतर : शंभर खाटांच्या रुग्णालयात तातडी प्रतिसाद पथक कसं उभं करायचं

बरीच वर्षं झाली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक काका न्यूमोनियासाठी आमच्या जनरल वॉर्डात दाखल होते. मी तेव्हा स्टाफ नर्स होते, रात्रपाळीला. दुपारी चारला पल्स ९८, रात्री आठला ११२, बाराला १२४. वरचं बीपी १२६, मग ११०, मग ९८. श्वासाच्या रकान्यात मात्र तिन्ही वेळा २०. अकराच्या सुमारास त्यांच्या बायकोने दोनदा येऊन सांगितलं होतं, "सिस्टर, यांचा जीव घाबरा होतोय." मी बघून आले, सलाईन चालू होतं, ते बोलत होते. आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, कळवलं आणि तसं केस पेपरवर लिहिलं. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी त्यांचा श्वास थांबला. सगळे धावले, अर्धा तास छाती दाबली, पण ते गेले.

सकाळी मी तो कागद पुन्हा उघडला. सगळं त्यावर होतं. बाराची नोंद माझ्या हस्ताक्षरातली होती.

आज मी सोलापुरातल्या एका मध्यम रुग्णालयात नर्सिंग विभाग बघते. काही वर्षांपूर्वी आम्ही इथे तातडी प्रतिसाद पथक सुरू केलं. बार्शी, पंढरपूर, तुळजापूर, उमरगा इथल्या रुग्णालयांतून फोन येतात, "तुम्ही काय केलं ते सांगा." हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी नाव नीट समजून घेऊ. कोड ब्लू म्हणजे हृदय थांबल्यावरची धावपळ. तातडी प्रतिसाद पथक त्याच्या कितीतरी आधी येतं, जनरल वॉर्डातला पेशंट घसरायला लागलाय पण अजून हातात आहे अशा वेळी. ही कल्पना १९९० मध्ये सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात केन हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. त्याच वर्षी मायामीतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास छापून आला. तिथे हृदय थांबलेल्या ६४ पेशंटपैकी ५४ जणांच्या, म्हणजे ८४ टक्क्यांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत बिघाडाची किंवा नव्या तक्रारीची नोंद सापडली. आमच्या काकांचा कागद अशाच कागदांपैकी एक.

या व्यवस्थेला दोन बाजू असतात. एक हाकेची : वॉर्डात कोणाच्या तरी लक्षात यायला हवं आणि त्याने बोलवायला हवं. दुसरी धावेची : बोलावल्यावर जाणकार माणसं सामान घेऊन पोचायला हवीत. बहुतेक रुग्णालयं धावेपासून सुरुवात करतात, कारण पथक नेमणं, बॅग आणणं, फलक लावणं ही कामं दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला मेरिट अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. पथकं नेमलेल्या रुग्णालयांत मृत्यू आणि हृदय थांबण्याच्या घटनांत म्हणावा असा फरक दिसला नाही. बारकाईने पाहिल्यावर कळलं की निकषात बसणाऱ्या पुष्कळ पेशंटसाठी पथकाला बोलावलंच गेलं नव्हतं. पुढच्या काळातल्या एकत्रित आढाव्यांत हृदय थांबण्याचं प्रमाण घटलेलं दिसतं. तरी माझं मत पक्कं आहे : हाक तयार नसेल तर पथक तयार करू नका.

जुने केस पेपर काढा

मागच्या सहा महिन्यांत वॉर्डातून अचानक आयसीयूत हलवलेले किंवा वॉर्डात दगावलेले पेशंट शोधा. वीस-पंचवीस कागद पुरतात. प्रत्येकाचे शेवटचे २४ तास तीन जणांनी बसून वाचा : एक फिजिशियन, एक सिनियर सिस्टर, एक आरएमओ. चारच गोष्टी टिपा. पहिला बिघडलेला आकडा कधीचा, तो कोणाला सांगितला, सांगितल्यावर काय झालं, आणि त्यात किती तास गेले.

आमच्या कागदांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं वाक्य होतं, "सरांना कळवलं." कधी कळवलं, सर काय म्हणाले, पुढे कोण आलं, यातलं काहीच नाही. हे वाक्य लिहिलं की सिस्टरच्या मनावरचं ओझं उतरतं, पेशंट मात्र होता तिथेच राहतो. मीही ते लिहिलेलं आहे.

या बैठकीत कोणावर बोट ठेवायचं नाही, हे आधीच ठरवा. नावं झाकून कागद वाचा. पहिल्याच बैठकीत कोणाला मेमो मिळाला, तर दुसऱ्या दिवसापासून टीपीआर चार्टवरचे (ताप, पल्स, श्वास नोंदवायच्या तक्त्यावरचे) सगळे आकडे सुंदर दिसू लागतील.

श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट

कोणत्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. श्वासाच्या रकान्यात २०, २०, १८, २० अशी रांग दिसेल. हे श्वास बहुतेक वेळा मोजलेले नसतात. पल्ससाठी मशीन आहे, बीपीसाठी आहे, सॅचुरेशनसाठी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीसाठी, बोटाला लावायची डबी आहे. श्वासाला फक्त घड्याळ आणि साठ सेकंद लागतात, आणि रात्री पंचवीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर ते साठ सेकंदच तिच्याकडे नसतात. तरीही पेशंट घसरायला लागला की सगळ्यात आधी बोलणाऱ्या आकड्यांत श्वास असतो. जंतुसंसर्ग रक्तात उतरला, फुप्फुसात पाणी साठलं, शरीरात आम्ल वाढलं, काहीही झालं तरी शरीर आधी श्वास वाढवून तोल सांभाळतं. बीपी त्यानंतर पडतं, कधी कधी खूप उशिरा.

प्रत्येक सिस्टरकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवं. मनगट हातात धरा, पेशंटला वाटू द्या की पल्स चाललीय, आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा. "श्वास मोजते" म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. अंगावर सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली असेल तर ती आधी खाली करा. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं टाळा.

सॅचुरेशनची डबी गार बोटावर आणि नेलपॉलिशवर चुकते. बोट चोळून गरम करा, दुसरं बोट घ्या. बीपीचा पट्टा जाड दंडाला लहान पडला तर आकडा खोटा मोठा येतो. मोठा पट्टा प्रत्येक मजल्यावर एक तरी ठेवा.

हे शिकवायला आम्हाला दोन महिने लागले. पथकाचं नावही तोवर कोणी काढलं नव्हतं. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं काम या दोन महिन्यांत झालं.

आकड्यांना गुण द्या

एकेक आकडा वेगळा पाहिला की माणूस स्वतःची समजूत घालतो : "पल्स जरा जास्त आहे, ताप आहे ना म्हणून." सगळे एकत्र मोजले की समजूत घालता येत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी एक गुणपद्धत काढली आणि २०१७ मध्ये सुधारली. तिला न्यूज-२ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) म्हणतात. आम्ही तीच वापरतो. आपल्याकडे थर्मामीटर फॅरनहाइटचा असतो म्हणून तापमान तसं बदलून घेतलंय.

श्वास : ८ किंवा कमी असेल तर ३ गुण, ९ ते ११ ला १, १२ ते २० ला शून्य, २१ ते २४ ला २, २५ किंवा जास्त ३.
सॅचुरेशन : ९६ किंवा जास्त शून्य, ९४-९५ ला १, ९२-९३ ला २, ९१ किंवा कमी ३.
ऑक्सिजन चालू असेल तर वेगळे २.
वरचं बीपी : ९० किंवा कमी ३, ९१ ते १०० ला २, १०१ ते ११० ला १, १११ ते २१९ शून्य, २२० किंवा जास्त ३.
पल्स : ४० किंवा कमी ३, ४१ ते ५० ला १, ५१ ते ९० शून्य, ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २, १३१ किंवा जास्त ३.
शुद्ध : पूर्ण जागा आणि भानावर असेल तर शून्य. नव्याने गोंधळलेला, फक्त हाकेला किंवा फक्त चिमट्याला ओ देणारा, किंवा काहीच प्रतिसाद नसलेला असेल तर ३.
ताप : ९५ किंवा कमी ३, त्यापुढे ९६.८ पर्यंत १, १००.४ पर्यंत शून्य, १०२.२ पर्यंत १, त्यावर २.

एक उदाहरण घ्या. अठ्ठावन्न वर्षांचे पेशंट. श्वास २४, सॅचुरेशन ऑक्सिजनशिवाय ९३, बीपी १०८, पल्स ११२, शुद्धीवर, ताप १०१. यातला एकही आकडा पाहून कोणी धावत सुटणार नाही. गुण मात्र २, २, १, २, शून्य आणि १ मिळून ८ होतात. ७ आणि त्यावर म्हणजे आणीबाणी. आता याच पेशंटचा श्वास न मोजता २० लिहिला, तर बेरीज ६ येते आणि तो एक पायरी खाली उतरतो. न मोजलेल्या श्वासाची किंमत इतकी असते.

शून्य गुण असतील तर निदान बारा तासांनी पुन्हा मोजा. १ ते ४ ला चार ते सहा तासांनी. कोणत्याही एकाच रकान्यात ३ आले, किंवा बेरीज ५-६ झाली, तर डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं आणि तासाला मोजायचं. ७ झाले की पथक, आणि पेशंट सतत नजरेखाली.

सोलापूरसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पॉवरलूममध्ये आयुष्य काढलेली माणसं आणि तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या बायका आपल्या वॉर्डात नेहमी असतात. त्यांच्यातल्या काहींची फुप्फुसं जुनाट आजाराने इतकी थकलेली असतात की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो आणि त्यांचं नेहमीचं सॅचुरेशनच ९० च्या आसपास असतं. अशांसाठी न्यूज-२ मध्ये सॅचुरेशनची दुसरी मोजपट्टी आहे. तिच्यात ८८ ते ९२ हे लक्ष्य धरलेलं असतं आणि ऑक्सिजन देऊन सॅचुरेशन त्याच्या वर गेलं तर उलट गुण वाढतात. ती मोजपट्टी कोणाला लावायची हे डॉक्टरने ठरवून केस पेपरवर सही करायची. फक्त विडी ओढतो म्हणून सिस्टरने ती परस्पर लावू नये.

सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही पद्धत लागू नाही. त्यांचे तक्ते वेगळे आहेत.

बोलावण्याची कारणं भिंतीवर लावा

गुण मोजायला वेळ नसेल तेव्हासाठी थेट कारणांची छोटी यादी हवी. आमची अशी आहे : श्वास ८ च्या खाली किंवा ३० च्या वर, ऑक्सिजन देऊनही सॅचुरेशन ९० च्या खाली, पल्स ४० च्या खाली किंवा १३० च्या वर, वरचं बीपी ९० च्या खाली, अचानक शुद्ध हरपणं किंवा फिट येणं, चार तासांत लघवी जवळजवळ नाही. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत : "मला या पेशंटची काळजी वाटते."

या शेवटच्या ओळीवर डॉक्टरांच्या बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला. "काळजी हा काय निकष झाला?" मी ती ओळ काढू दिली नाही. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला पेशंटच्या चेहऱ्याचा रंग, घाम, गादीवरची तगमग बघून जे कळतं ते आकड्यांत यायला अजून दोन तास असतात. जगभरातल्या पथकांच्या निकषांत ही ओळ आहे. तिच्यामुळे फुकट बोलावणी वाढतील ही भीती आमच्याकडे तरी खरी ठरली नाही.

पथकात कोण

मोठ्या मेडिकल कॉलेजात अतिदक्षता विभागाचे निवासी डॉक्टर चोवीस तास असतात. आपल्या शंभर खाटांत रात्री दोन आरएमओ, आयसीयूत दोन-तीन सिस्टर आणि कॅज्युअल्टीत एक, एवढीच माणसं. त्यातूनच पथक निघतं.

आम्ही तिघं ठरवली : आयसीयूचा आरएमओ, आयसीयूची एक सिनियर सिस्टर, आणि बॅग व सिलेंडर आणणारे मामा, म्हणजे वॉर्डबॉय. ज्या वॉर्डातून हाक आली तिथली सिस्टर चौथी, कारण पेशंटची माहिती तिच्याकडे असते. ती पथक आलं म्हणून बाजूला होत नाही.

खरा अवघड प्रश्न असा की आयसीयूतली माणसं बाहेर गेल्यावर आतल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटकडे कोण बघणार. याला जादूचं उत्तर नाही. आम्ही रोज रात्री आठला सुपरवायझरकडून एक चिठ्ठी लिहून घेतो : आज पथकात कोण, ते गेले तर आयसीयूत कोण थांबेल, आणि एकाच वेळी दोन हाका आल्या तर दुसरीकडे कोण जाईल. कॅज्युअल्टीची सिस्टर आयसीयूत येते, कॅज्युअल्टीत आरएमओ थांबतो. नावं लिहिलेली हवीत. "कोणीतरी जाईल" असं ठरलं की कोणीच जात नाही.

पथकातल्या प्रत्येकाला श्वासमार्ग मोकळा करणं, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) नीट धरणं, शीर शोधून सुई लावणं आणि छाती दाबणं यायलाच हवं. रात्रीचा आरएमओ कोणत्याही शाखेचा असो, या चार गोष्टींचा सराव दर तीन महिन्यांनी पुतळ्यावर घ्या.

एक नंबर, एक वाक्य

हाकेसाठी एकच अंतर्गत नंबर ठेवा. आम्ही एक साधा बटणांचा मोबाईल घेतला. तो पथकातल्या सिस्टरच्या गळ्यात असतो आणि हँडओव्हरला हातातून हातात जातो. चार्जरवर लावून कोणी चहाला गेलं, असं होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर हाक टाकायची नाही. रात्री मेसेज कोणी वाचत नाही, आणि सकाळी सगळ्यांचे अंगठे दिसतात.

फोनवर बोलायचं वाक्य पाठ करून घ्या : "तातडी पथक, दुसरा मजला, मेडिकल वॉर्ड, बेड १४." बस. बाकीचं पथक आल्यावर. पोचायला पाच मिनिटं ही मर्यादा. मामांनी लिफ्ट धरून ठेवायची.

पथक आलं किंवा कन्सल्टंटला (पेशंटच्या मुख्य डॉक्टरांना) फोन लावला की माहिती चार तुकड्यांत द्यायची : आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. नमुना असा :

"सर, मेडिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड १४ च्या आजींचे गुण तीन तासांत ३ वरून ८ झालेत, श्वास २८, बीपी ९६. परवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी दाखल, डायबेटिस आहे. मला जंतुसंसर्ग वाढतोय असं वाटतंय. पथकाने सलाईन सुरू केलंय. तुम्ही किती वाजता पोचाल ते सांगा, मी लिहून घेते."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नव्या सिस्टरना ते म्हणायला संकोच वाटतो. एकमेकींना फोन लावून सराव करू द्या.

बॅग

पाठीवर अडकवता येईल अशी एकच बॅग. श्वासाचा कप्पा : अँब्यू बॅग आणि तिचे ३, ४, ५ नंबरचे मास्क, तोंडातले एअरवे, रिझर्व्हॉयरचा ऑक्सिजन मास्क, व्हेंचुरी मास्क, नेब्युलायझर किट, हाताने चालणारं सक्शन. रक्ताचा कप्पा : १८ आणि २० नंबरच्या सुया, आरएल आणि नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटल्या, २५ टक्के डेक्स्ट्रोज, ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, फ्युरोसेमाइड, नेब्युलायझरची औषधं. बाहेरच्या खिशात ग्लुकोमीटर, सॅचुरेशनची डबी, बॅटरी, मोठा बीपी पट्टा. सिलेंडरची चावी सिलेंडरलाच साखळीने बांधा. चावी शोधण्यात गेलेली मिनिटं मी पाहिलेली आहेत.

बॅगेला नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा. सील तुटलेलं दिसलं की बॅग पुन्हा भरायची. रोज उघडून मोजत बसायची गरज उरत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

आधी श्वासमार्ग : बोलतोय का, घरघर आहे का, तोंडात काही आहे का. मग श्वास : मोजा, छाती ऐका, बसतं करा, ऑक्सिजन लावा. लक्ष्य ९४ ते ९८, दुसऱ्या मोजपट्टीवाल्यांना ८८ ते ९२. मग रक्ताभिसरण : हातपाय गार आहेत का, पल्स, बीपी, मोठी सुई, ईसीजी. बीपी पडलंय आणि फुप्फुसात पाणी नाही, तर ५०० मिली सलाईन पंधरा मिनिटांत, आणि पुन्हा छाती ऐका. मग शुद्ध : शुद्ध बदलली की साखर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. ७० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून. शेवटी अंगभर नजर : पुरळ, रक्तस्राव, पाय सुजलेत का, पोट ताठ आहे का, कॅथेटर तुंबलाय का.

इंजेक्शननंतर पुरळ येऊन बीपी पडलं तर ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. जंतुसंसर्गाने शॉक येतोय असं वाटलं तर रक्ताचं कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. रात्री फार्मसी बंद म्हणून ते सकाळपर्यंत थांबता कामा नये. पहिला डोस वॉर्डातच ठेवा.

पथक येण्याआधी वॉर्डातली सिस्टर काय करू शकते हे लेखी ठरवून, डॉक्टरांच्या सह्या घेऊन लावा : बसतं करणं, ऑक्सिजन, साखर, सुई लावणं, ईसीजी. तेवढ्यासाठी तिने ऑर्डरची वाट बघू नये.

कन्सल्टंट आणि रागावणं

आपल्याकडे एक कन्सल्टंट तीन-चार रुग्णालयांत जातात. होटगी रोडला ओपीडी, सात रस्त्याला ऑपरेशन, रात्री जुळे सोलापुरात घर. त्यांच्या पेशंटला दुसऱ्याने हात लावला तर त्यांना बरं वाटत नाही, आणि सिस्टरला ते माहीत असतं. म्हणून ती आधी त्यांना फोन लावते, तो लागत नाही, मग थांबते. या थांबण्यात पेशंट जातात.

उपाय लेखीच हवा. वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं एक पत्र काढा : निकषात बसणाऱ्या कोणत्याही पेशंटसाठी पथक कोणालाही न विचारता येईल, पहिले उपचार सुरू करेल, आणि त्याच वेळी कन्सल्टंटना कळवलं जाईल. प्रत्येक कन्सल्टंटची त्यावर सही घ्या. आमच्याकडे दोन वरिष्ठ डॉक्टर आधी तयार नव्हते. त्यांच्याच पेशंटचे जुने कागद नावं झाकून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि सही केली.

दुसरा नियम : हाक चुकीची ठरली तरी रागवायचं नाही. "एवढ्यासाठी उठवलंस?" हे एक वाक्य पुढच्या पन्नास हाका बंद करतं. पथकाने वॉर्डात शिरताना पहिलं वाक्य म्हणायचं, "बरं झालं बोलावलंत." आमच्याकडे हे लिहून ठेवलेलं आहे आणि नवा आरएमओ रुजू झाला की मी स्वतः त्याला सांगते.

नातेवाइकांची हाक

काकांच्या बायकोला जे अकरा वाजता कळलं होतं ते मला बारा वाजताही कळलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून घरच्यांना थेट वेगळ्या पथकाकडून तपासणी मागता येते. दोन्हीकडे एकेक मूल घरच्यांचं ऐकलं न गेल्यामुळे दगावलं आणि त्यांच्या आईवडिलांनी हे लावून धरलं. आपल्याकडे सगळे थेट नंबर फिरवतील अशी भीती वाटते. म्हणून आम्ही अर्धी वाट घेतली : नातेवाइकाने दोनदा काळजी सांगितली की सिस्टरने गुण मोजायचेच, आणि समाधान झालं नाही तर पथक बोलवायचं. दाखल होतानाच त्यांना हे सांगतो.

सोलापुरात हे मराठीतून सांगून भागत नाही. पूर्व भागातली कितीतरी घरं तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि इंडीकडून आलेले कन्नड, कोणी दखनी उर्दू. तेलुगू घरातली आजी "आयासम्" म्हणते तेव्हा तिला धाप लागलेली असते. तोच शब्द कन्नड माणूस "आयास" म्हणून वापरतो तेव्हा तो बहुतेक थकवा सांगत असतो. म्हणून वॉर्डातल्या मावशी आणि मामांपैकी कोणाला कुठली भाषा येते त्याची यादी आम्ही नर्सिंग स्टेशनवर लावली. फलक चारही भाषांत केले. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मावशी सांगतात. मराठीतले शब्दही नीट ऐका : "जीव घाबरा होतोय", "छाती भरून आलीय", "गुदमरतंय", "आतून काहीतरी वेगळंच वाटतंय." हे शब्द आले की आधी श्वास मोजा.

पुढचा निर्णय

पथकाने वॉर्ड सोडण्याआधी केस पेपरवर तीन ओळी हव्यात : काय सापडलं, काय केलं, पुन्हा कधी बघणार. मग पेशंट वॉर्डातच राहतो, आयसीयूत जातो किंवा मोठ्या रुग्णालयात. आयसीयू म्हटलं की घरच्यांना आधी खर्च दिसतो आणि ते साहजिक आहे. तेव्हा आकडा लपवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे आरोग्यमित्राला विचारायला सांगा. बाहेर हलवायचं असेल तर समोरच्या आयसीयूत खाट आहे हे फोनवर पक्कं केल्याशिवाय १०८ मध्ये चढवू नका, आणि आकड्यांचा कागद सोबत द्या.

काही पेशंटचा आजार शेवटच्या टप्प्यात असतो. तिथे पथकाचं काम वेगळं : त्रास कमी करणं, आणि घरच्यांशी व कन्सल्टंटशी बसून पुढे काय करायचं नाही हे ठरवणं. हे बोलणं रात्री तीनला पहिल्यांदा करावं लागलं, तर ते दिवसा कोणीतरी टाळलेलं असतं.

वही आणि सराव

प्रत्येक हाकेची एका वहीत नोंद ठेवा : वेळ, वॉर्ड, कारण, हाक कोणी दिली, पथक किती मिनिटांत पोचलं, पुढे काय झालं, आणि पहिला बिघडलेला आकडा हाकेच्या किती आधीचा होता. हा शेवटचा रकाना महिन्याच्या बैठकीत सगळ्यात आधी वाचा. एकूण हाका वाढल्या तर घाबरू नका. सुरुवातीला त्या वाढायलाच हव्यात. काळजी करा ती एखाद्या वॉर्डातून महिनाभर एकही हाक आली नाही तर. तिथे जाऊन श्वासाचा रकाना बघा.

दोन महिन्यांतून एकदा रात्री तीन वाजता, न सांगता सराव घ्या. आमच्या पहिल्या सरावात पथक अकरा मिनिटांनी पोचलं : लिफ्ट तळमजल्यावर बंद करून ठेवली होती आणि जिन्याच्या दाराला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गेटवर. तिसऱ्या सरावाला चार मिनिटं लागली.

वहीतली मागच्या पावसाळ्यातली एक नोंद मी नव्या सिस्टरना नेहमी दाखवते. वेळ पहाटे ५.४०, सर्जिकल वॉर्ड, ऑपरेशनचा तिसरा दिवस. हाक देणारी : सफाईच्या मावशी. कारणाच्या रकान्यात सिस्टरने मावशींचे शब्द तसेच लिहिलेत : "काका रोज माझ्याशी बोलतात, आज ओळखलं नाही." गुण ९. पथक तीन मिनिटांत. आयसीयूत चार दिवस, मग वॉर्ड, मग घरी.